क्रीममुळे त्वचा मऊ होते की नुसती मऊ भासते?

खडूची_धूळ यांचा प्रश्न

नमस्कार. मी शाळेत शिकवते. दिवसभर हाताला खडू लागलेला असतो आणि तो घालवण्यासाठी दहा-बारा वेळा तरी साबणाने हात धुतले जातात. परिणामी बोटांच्या पेरांवरची आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेली कातडी इतकी राठ झाली आहे की मऊ कापडावरून हात फिरवला तर त्याचे धागे तिच्यात अडकतात. दोन पेरांपाशी ती उललीही आहे. गेले सहा आठवडे मी एक क्रीम नेमाने लावत आहे. लावल्यावर पाच मिनिटांत हात लोण्यासारखे होतात, पण दोन तास उलटले किंवा मध्ये एकदा हात धुतले, की ये रे माझ्या मागल्या.

त्यामुळे मला असा प्रश्न पडला आहे की, वेष्टनावर ज्यांना ‘त्वचा मऊ करणारे घटक’ म्हटलेले असते, ते त्वचेत खरोखर काही बदल घडवतात, की लाकडावर मेण घासावे तसा वरून एक थर देऊन मोकळे होतात? माझ्या क्रीमच्या घटकांत पाण्यानंतर ग्लिसरीन, खनिज तेल, सेटिल अल्कोहोल आणि डायमेथिकोन ही नावे आहेत. अल्कोहोलने त्वचा कोरडी पडते असे ऐकत आले आहे, मग मऊपणा देणाऱ्या क्रीममध्ये त्याचे काय काम? शिवाय माझ्या जाऊबाई म्हणतात की खनिज तेलाने छिद्रे बुजतात आणि आयत्या तेलाची सवय लागली की त्वचा स्वतःचे तेल तयार करणेच सोडून देते. हे कितपत खरे आहे? जाहिरातींतील वाक्ये मला पाठ आहेत. जाणकारांनी कारणासह सांगावे ही विनंती.

ढवळणी यांचे उत्तर

मी अनेक वर्षे क्रीम आणि लोशन तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ताई, तुम्ही म्हणता त्या दोन्ही गोष्टी घडतात; फक्त एक पाच मिनिटांत घडते आणि दुसरीला काही आठवडे लागतात.

आपण हाताने जिला स्पर्श करतो ती कातडी मृत पेशींची असते. शरीराच्या बहुतेक भागांवर या पेशींचे पंधरा ते वीस थर एकावर एक रचलेले असतात आणि त्या सगळ्यांची मिळून जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे कागदाहूनही कमी भरते. तळहात आणि तळपाय येथे मात्र ती कितीतरी जास्त असते. या पेशी केरॅटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या असतात आणि दोन पेशींमधल्या फटीत स्निग्ध पदार्थ लिंपलेला असतो. वजनाने पाहिले तर त्यात साधारण निम्मा वाटा सेरामाइड नावाच्या मेदांचा, पाव वाटा कोलेस्टेरॉलचा आणि उरलेल्यात मुख्यतः मेदाम्ले असतात. विटा म्हणजे पेशी आणि चुना म्हणजे हे स्निग्ध द्रव्य, असे चित्र डोळ्यांसमोर ठेवले तरी चालेल.

आता गंमत अशी की या थराला लवचीक ठेवणारा पदार्थ तेल नव्हे, तर पाणी. अमेरिकेतील आयर्विन ब्लँक या संशोधकांनी १९५२ साली हे दाखवून दिले. त्यांनी वाळलेल्या घट्ट्याचे तुकडे घेतले. ते पाण्यात मऊ झाले, पण निव्वळ तेलात किंवा पेट्रोलियम जेलीत कितीही काळ ठेवले तरी ठिसूळच राहिले. मी नोकरीत नवा असताना मला हे पटले नव्हते, म्हणून स्वतःच्या टाचेचा घट्टा खरवडून त्याच्या दोन चकत्या दोन दिवस वाळू दिल्या. नखासारख्या कडक झाल्यावर एक पाण्यात टाकली आणि दुसरी तेलात. पाण्यातली तासाभरात पांढुरकी होऊन बोटाभोवती गुंडाळता येऊ लागली. तेलातली दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढली तेव्हा छान चकाकत होती, आणि वाकवताच कट् आवाज करून मोडली. या मृत थरातील पाणी साधारण दहा टक्क्यांच्या खाली गेले की कातडी तडकू लागते. तुमच्या पेरांवर नेमके तेच झाले आहे.

मग मृदुकारक घटक करतात काय? कोरड्या त्वचेवर मृत पेशींच्या कडा कौलांसारख्या वर उचललेल्या असतात आणि तुमच्या कापडाचे धागे त्या कडांनाच अडकतात. तेल, मेण किंवा सिलिकोन या फटींत शिरते, कडा खाली चिकटवते आणि पृष्ठभाग सपाट करते. हाच तो पाच मिनिटांतला लोण्यासारखा स्पर्श. तो खोटा नाही, पण उसना आहे. साबणाबरोबर निघून जातो. क्रीममध्ये पाणीच सर्वाधिक असते खरे, पण त्यातले बरेचसे लावल्यावर काही मिनिटांतच उडून जाते, त्यामुळे त्या पाण्यावर फार विसंबू नये.

दुसरे काम सावकाश चालते. आपल्या शरीरातून खालच्या थरांकडून वर सतत पाणी झिरपत असते आणि पृष्ठभागावरून उडून जात असते. वरचा स्निग्ध थर या उडण्याला आवर घालतो, तेव्हा खालून येणारे पाणी मृत थरात साठत जाते आणि केरॅटिन आतून मऊ होते. झाकण्याच्या या कामात पेट्रोलियम जेलीला आजही तोड नाही. ती केवळ वर बसून राहते असा समज होता, परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती मृत पेशींमधल्या फटींतही उतरते आणि तिच्याखाली संरक्षक थराची दुरुस्ती थांबत नाही असे दिसून आले. ग्लिसरीनचे काम वेगळे: ते पाणी धरून ठेवते, आणि ते पाणी मुख्यतः खालच्या थरांतून घेते. म्हणून नुसते ग्लिसरीन लावण्यापेक्षा त्यावर झाकणारा पदार्थ असणे फायद्याचे ठरते, आणि तुमच्या क्रीमची रचना तशीच आहे.

तिसरे काम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे असूनही त्याविषयी कोणी बोलत नाही. मृत पेशी एकमेकींना सूक्ष्म टाक्यांनी जोडलेल्या असतात आणि त्या वेळच्या वेळी गळून पडाव्यात यासाठी काही विकरे (एन्झाइम) ते टाके उसवत असतात. या विकरांना काम करायला पाणी लागते. थर कोरडा पडला की टाके अर्धवट तसेच राहतात, पेशी एकेकट्या न गळता पापुद्र्यांनी निघतात आणि कातडी राठ होते. ओलावा टिकू लागला की ही गळती हळूहळू सुरळीत होते. हा फरक टिकणारा असतो, पण मृत थर पूर्ण बदलायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि तळहातावर त्याहून अधिक, तेव्हा तो तासांत मोजता येत नाही.

अल्कोहोलचा घोळ केवळ नावाचा आहे. सेटिल अल्कोहोल हे सोळा कार्बनांची लांब साखळी असलेले मेणासारखे घन द्रव्य आहे. प्रयोगशाळेत ते पांढऱ्या पापड्यांच्या रूपात पोत्यातून येते आणि वितळवूनच घालावे लागते. ते क्रीमला दाटपणा देते आणि स्वतःही मृदुकारक आहे. त्वचा कोरडी करणारे ते पातळ, चटकन उडून जाणारे इथिल अल्कोहोल. दोघांचे आडनाव तेवढे सारखे. डायमेथिकोन हे एक सिलिकोन. हात घसरता आणि कोरडा-मऊ लागतो तो त्याच्यामुळे. याहून अधिक त्याचे कौतुक नको.

रात्रपाळी यांचे उत्तर

मी परिचारिका आहे आणि एका पाळीत किती वेळा हात धुते याची मोजदाद सोडून दिली आहे, म्हणून ढवळणी यांच्या उत्तराला व्यवहाराची बाजू जोडते.

ताई, तुमचा दोष क्रीममध्ये नसून वेळेत आहे असे मला वाटते. साबण खडूबरोबर पेशींमधले स्निग्ध द्रव्यही धुऊन नेतो, आणि त्यानंतर हात हवेवर वाळले की जे थोडे पाणी शिल्लक असते तेही निघून जाते. वर सांगितलेला घट्ट्याचा प्रयोग लक्षात घेतला तर कोरड्याठक्क हातावर क्रीम चोपडणे म्हणजे रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवणे होय. हात टिपून घ्यावेत, पण किंचित ओलसर असतानाच, एक-दोन मिनिटांच्या आत क्रीम लावावे. माझ्या हातात एवढ्या एका बदलाने जो फरक पडला तो तीन वेगवेगळ्या डब्यांनी पडला नव्हता. दिवसातून दोनदा भरपूर लावण्यापेक्षा प्रत्येक धुण्यानंतर थोडे लावणे बरे, आणि शक्य तेथे फेसाळ साबणाऐवजी सौम्य, फेस न करणारे क्लिन्झर वापरावे.

प्रमाणाचा एक सोपा अंदाज आम्ही रुग्णांना सांगतो. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ती दोन तळहातांएवढ्या क्षेत्राला पुरते. आपण बहुतेक जण याच्या निम्मेही घेत नाही. रात्री जाडसर मलम लावून सुती हातमोजे घालावेत. दिवसा तेच मलम लावले तर वह्यांवर डाग पडतील आणि तुम्ही दोन दिवसांत ते सोडून द्याल. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण तसा नाही. इसब असलेल्या ५५० मुलांवर ब्रिटनमध्ये लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना करण्यात आली होती. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि परिणामकारकतेत या चारांत फरक आढळला नाही. म्हणजे जे हाताला रुचते आणि रोज लावले जाते तेच निवडावे.

पेरे उललेली आहेत म्हणून एक सूचना. बाजारात युरिया असलेली क्रीमेही मिळतात. दहा टक्क्यांपर्यंतचा युरिया पाणी धरून ठेवतो, तर वीस टक्क्यांच्या पुढे तो मृत थर विरघळवू लागतो. टाचांना तो उत्तम, पण उघड्या भेगेत गेला तर असा भगभगतो की डोळ्यांत पाणी येते. आधी भेगा साध्या पेट्रोलियम जेलीने भरून येऊ द्याव्यात. भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, बारीक पुळ्या उठून खाज सुटत असेल, तर ते हाताचे इसब असू शकते आणि तेथे मृदुकारकाने भागत नाही, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आणखी एक सांगते, कारण हे फार जणांना ठाऊक नसते. असे मलम अंथरुणात, कपड्यांत आणि बँडेजमध्ये मुरते, आणि ते कापड वाळल्यावर आगीच्या संपर्कात आले तर साध्या कापडापेक्षा झपाट्याने पेटते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये हा इशारा पॅराफिन (पेट्रोलियम जेली, खनिज तेल यांचा वर्ग) नसलेल्या मृदुकारकांनाही लागू केला. हातमोजे घालून शेगडीजवळ जाऊ नये.

तेलकट_कपाळ यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे हातांसाठी योग्य आहेत, परंतु वाचणाऱ्यांनी ती सरसकट चेहऱ्यावर लागू करू नयेत, एवढ्यासाठी लिहितो. तळहातावर तैलग्रंथी नसतात. कपाळावर आणि नाकावर त्या दाटीने असतात. मी विशीत असताना ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक’ या समजुतीने वर्षभर चेहऱ्याला ऑलिव्ह तेल चोळले आणि मुरुमे व लालसर खवले दोन्ही पदरात पाडून घेतले.

नंतर कळले की तेल-तेलांत फरक असतो. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल नावाचे मेदाम्ल भरपूर असते आणि ते पेशींमधल्या स्निग्ध द्रव्याची घडी विस्कटते. ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावले असता संरक्षक थर कमकुवत होऊन सौम्य लाली आली, तर लिनोलेइक आम्ल अधिक असलेल्या सूर्यफूल तेलाने तसे झाले नाही. खवल्यांचे कारण निराळे. आपल्या त्वचेवर मॅलसेझिया नावाचे यीस्ट राहते, त्याला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत आणि ते आपल्या त्वचेवरच्या तेलावर जगते. ज्यांना तेलकट कोंडा होतो त्यांनी वनस्पती तेले चोळणे म्हणजे त्याला पंगत वाढणे.

छिद्रे बुजण्याविषयी जाऊबाईंचा रोख मात्र चुकीच्या आरोपीवर आहे. आयसोप्रोपिल मायरिस्टेटसारखे काही एस्टर (क्रीममध्ये घातले जाणारे तेलासारखे पदार्थ) कुप्रसिद्ध आहेत ते ठीक, पण इंटरनेटवर फिरणाऱ्या शून्य ते पाच गुणांच्या याद्या बऱ्याच अंशी सशाच्या कानाच्या आतल्या त्वचेवरील जुन्या चाचण्यांवरून आलेल्या आहेत. ती त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा खूपच संवेदनशील असते. शिवाय घटक शुद्ध स्वरूपात तपासला तर एक निकाल येतो आणि क्रीममध्ये दोन टक्के असताना दुसरा. प्रसाधनांत वापरले जाणारे शुद्ध खनिज तेल माणसाच्या चेहऱ्यावर मुरुमे आणते असे दिसून आलेले नाही.

खडूची_धूळ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रिकाम्या भांड्यावर झाकण ही उपमा वाचून मी अक्षरशः ओशाळले, कारण हात पंख्याखाली खडखडीत वाळवून मगच क्रीम लावण्याची माझी सवय आहे. सवयीवरूनच आठवले, त्वचा आळशी होते का, हा प्रश्न राहून गेला. क्रीम लावायला लागल्यापासून एखादा दिवस चुकला तर हात पूर्वीपेक्षा जास्त ओढल्यासारखे वाटतात, असा माझा अनुभव आहे.

ढवळणी यांचे उत्तर

तैलग्रंथींचा स्राव मुख्यतः संप्रेरकांच्या हुकमाने चालतो. वरून तेल लावले म्हणून त्या काम बंद करत नाहीत. आणि तळहातावर त्या मुळात नाहीतच, त्यामुळे जाऊबाईंचा सिद्धान्त निदान तेथे तरी लागू होत नाही. अनेकदा आपण मऊपणाला सरावतो आणि पूर्वीचा राठपणा, जो तेव्हा जाणवतही नव्हता, तो आता खुपू लागतो.

तरीही तुमचा अनुभव मी झटकून टाकणार नाही, कारण ‘क्रीम कोणतेही असो, अपाय काहीच नाही’ हे आमच्या व्यवसायातले लाडके वाक्य मला मान्य नाही. निरोगी त्वचेवर दीर्घकाळ मॉइश्चरायझर लावल्यावर ती साबणासारख्या क्षोभक पदार्थांना अधिक बळी पडू लागल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे, तर युरियायुक्त काही क्रीमांनी याच्या उलट संरक्षण वाढवले आहे. म्हणजे निकाल घटकांवर आणि त्यांच्या मेळावर ठरतो. सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले योग्य प्रमाणात एकत्र लावली तर बिघडलेला थर सावरतो. त्यांपैकी एखादेच लावले तर तो सावरायला उलट उशीर होतो, हे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रयोगांनी दाखवले आहे. डब्यावर नुसते ‘सेरामाइडयुक्त’ असे ठळक लिहिलेले पाहून मी म्हणूनच भुलत नाही.

क्रीममध्ये तेल आणि पाणी एकत्र नांदवण्यासाठी जो पदार्थ घालावा लागतो तो स्वतः साबणाचा भाऊबंद असतो, हेही विसरू नये. ब्रिटनमध्ये इसबासाठी तेव्हा सर्रास दिल्या जाणाऱ्या एका साध्या क्रीममध्ये एक टक्का सोडियम लॉरिल सल्फेट असे. २०१० साली बाथ विद्यापीठातील संशोधकांना ते निरोगी हातांवर चार आठवडे लावल्यावर मृत थर पातळ झालेला आढळला. मऊ करण्यासाठी आणलेले क्रीम भिंत पोखरत होते! ताई, तुमच्या डब्यावर हे नाव शोधा. सापडले तर तो डबा हात धुण्यासाठी ठेवा आणि लावण्यासाठी दुसरा घ्या.

अपेक्षांनाही एक मर्यादा हवी. मृदुकारकांनी इसब मुळातच टाळता येईल या आशेने ब्रिटनमध्ये १,३९४ नवजात बाळांवर मोठी चाचणी झाली आणि वर्षभर निम्म्या बाळांना रोज मृदुकारक लावण्यात आले. २०२० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांत इसबाचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. कोरडी पडलेली त्वचा सांभाळणे हे एक काम झाले, आजार रोखणे हे दुसरे.

खडूची_धूळ

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. डब्यावर ते नाव नव्हते, तेव्हा क्रीम तेच ठेवले. बदलली ती फक्त वेळ. क्रीमची नळी आता पाण्याच्या नळाशेजारी असते आणि हात ओलसर असतानाच लावते. रात्री पेरांवर पेट्रोलियम जेली आणि हातमोजे. डाव्या पेरावरची भेग आठव्या दिवशी मिटली, उजवीकडची अजून थोडी जाणवते, कारण खडू मी त्याच हाताने धरते. काल मुद्दाम तेच कापड घेऊन त्यावरून हात फिरवला. अंगठ्याच्या बुडाशी एक धागा अडकला, बाकी हात सरळ पुढे गेला. टाचेचा घट्टाही खरवडून ठेवला आहे. दोन्ही वाट्या खिडकीत मांडल्या आहेत आणि त्या कशासाठी आहेत हे जाऊबाईंना अजून सांगितलेले नाही.